नानांची अर्धी जीभ

आधी हे सांगूनच टाकते, जीभ आरशात दिसते तेवढी नसते. मलाही माहीत नव्हतं. धुळ्याला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आले, डिसेक्शन हॉलमध्ये मॅडमनी मधोमध कापलेलं डोकं दाखवलं आणि मी बघतच राहिले. केवढी तरी मोठी. हनुवटीच्या हाडापासून पंख्यासारखी पसरत वर आलेली, मागे पार घशात उतरलेली. आपण डॉक्टरला आ करून दाखवतो तो नुसता शेंडा. शेजारची मैत्रीण भराभर आकृती काढत होती आणि माझ्या डोक्यात एकच, की यातली नानांची किती गेली आणि किती उरली.

नाना म्हणजे माझे वडील. चोपड्याच्या वर, सातपुड्याखाली आमचं गाव, केळी आणि कापूस. मी बारावीत असताना नानांच्या जिभेच्या कडेला एक फोड आला, तो काही बरा होईना. तंबाखू होतीच. जळगावला ऑपरेशन झालं, डावीकडची जवळजवळ निम्मी जीभ काढली आणि तिथे डाव्या मनगटाची कातडी शिवली. आता गंमत ऐका. त्या मनगटावर नानांनी लहानपणी जत्रेत विंचू गोंदवून घेतला होता, आणि डॉक्टरांनी कातडी उचलली ती नेमकी विंचवाच्या मधूनच. त्यामुळे नांगी नानांच्या तोंडात आणि बाकीचा विंचू हातावर. घरी आल्यावर नानांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा माय रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "आते तंबाखू खाशात तर तो चावी."

त्याआधीचे नाना वाचायचे. पोथीबिथी नाही, रहस्यकथा. चोपड्याच्या स्टँडवरून आणलेली पातळ पुस्तकं, कव्हरवर पिस्तूल आणि लाल साडीतली बाई. थंडीत शेतात भरीत व्हायचं तेव्हा तर ठरूनच गेलेलं. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, सालं काढायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, आणि हे सगळं होईपर्यंत नानांनी वाचायचं. हेराचा आवाज जाड, खुन्याचा बारीक. आम्हा पोरांसमोर वाचण्यासारखं नसलं की मध्येच स्वतःचं काहीतरी घालायचे. हेर अचानक केळीच्या भावाची चौकशी करायला लागला की आम्हाला कळायचं, पानावर काहीतरी वेगळं चाललंय.

त्या पुस्तकांत जीभ सारखी यायची. घाबरलेल्याची टाळूला चिकटायची, खोटं बोलणाऱ्याची कोरड्या ओठांवरून फिरायची, आणि साक्षीदाराची तर गोदामात नेऊन कापायचे. एका ओळीत कापून मोकळे. पुढच्या प्रकरणात तो बिचारा खुणा करून खुनी दाखवून देतो, झालं. आता वाटतं, एकाही लेखकाने लिहिलं नाही की तो माणूस दुसऱ्या दिवशी जेवला कसा. पाणी पिताना ते नाकातून आलं का. भाकरीचा घास तोंडात इकडून तिकडे फिरवायला जीभच लागते, हे आम्हाला नाना दूध आणि पातळ वरणावर आले तेव्हा कळलं.

आमच्याकडे माय नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखत नाही. मीठ अंदाजाने. नैवेद्य झाला की पहिला घास नानांचा, ते सांगणार कमी आहे की बरोबर, मग बाकीची ताटं. ऑपरेशननंतर जिभेला रेडिएशनचा शेक दिला आणि नानांना सगळंच पुठ्ठ्यासारखं लागायला लागलं. तरी माय पहिला चमचा त्यांनाच देत राहिली आणि ते मान हलवत राहिले. एकदा वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. नानांनी तरी मान हलवली. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

तर इकडे कॉलेजात मॅडमनी विचारलं, गोड कुठे कळतं? अख्खा वर्ग म्हणाला शेंड्याला, आणि कडू मागे. शाळेतल्या चित्रात तसंच होतं ना. मॅडम म्हणाल्या, ते चित्र चुकीचं, चव सगळ्या जिभेला कळते, आणि अगदी मागे टपोऱ्या दाण्यांची एक ओळ असते तिथे तर भरपूर. लेक्चर संपायच्या आत मी मायला मेसेज टाकला, घास उजवीकडून मागच्या बाजूला ठेवायला सांग. दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा नानांनी भरीत तोंडात घेतलं, डोळे मिटून थांबले आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली. म्हणजे, मीठ कमी शे. मायच्या हातून डबाच सांडायचा राहिला. शेक संपून बरेच महिने झालेले, चव आपोआपच परतली असणार, माझ्या मेसेजचा त्यात काही वाटा नसणार. तरी मी दिवसभर नाचत होते.

पण बोलणं परतलं नाही. सुरुवातीला नाना बोलायचे, र, ल, ट सगळं एकमेकांत मिसळलेलं. भेटायला आलेले पाहुणे नुसते हो हो म्हणायचे. एकदा भडगावहून एक लांबचे भाऊ आले होते. नानांनी विचारलं तुमच्याकडे पाऊस झाला का, आणि भाऊ म्हणाले हो हो, तब्येतीची काळजी घ्या. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, चहा संपवला आणि त्या दिवसापासून खुणांवर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज मोठ्याने वाचत जा, त्यानेच सुधारेल. पण नानांनी पुस्तकाला हात लावला नाही.

फोनवर तर खुणाही नाहीत. मी होस्टेलच्या गच्चीत उभी राहून एकटीच बडबडायची आणि मध्येच माय सांगायची, नाना मान हलवताय. मी मोबाईलमध्ये त्यांचा जुना आवाज शोधला. नानांनी कधी व्हॉइस नोट पाठवलीच नव्हती, ते बटण दाबून धरणं त्यांना जमायचंच नाही. मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओत मागून कोणीतरी म्हणतं, सरका जरा बाजूला. ते नाना असावेत. नक्की नाही. मी ते तीन शब्द लावून लावून ऐकते, मेसच्या रांगेत, बसमध्ये, कुठेही.

गेल्या खेपेला निघताना मी त्यांच्यासमोर एक पुस्तक ठेवलं. ऑपरेशनच्या आधी शेतात वाचत होते ते, अर्धवट राहिलेलं. म्हटलं वाचा. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं, तू वाच. मी म्हटलं, मी वाचणार नाही आणि शेवटचं पानही बघणार नाही, मला तुमच्याकडून ऐकायचंय. नाना खिडकीबाहेर बघायला लागले. पुस्तक तिथेच ठेवून मी अमळनेरमार्गे धुळ्याला परत आले आणि रस्ताभर वाटत राहिलं, उगाच बोलले.

परवा दुपारी मायच्या नंबरवरून फोन आला. मी डिसेक्शन हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर होते, हाताला अजून तो औषधाचा वास. तिकडे कोणी बोलेना. मग कागदाचा आवाज आला, आणि नाना वाचायला लागले.

मला काही कळेना. हेर कळलं, गोदाम बहुतेक. पण कुठे थांबायचं, कुठे दम घ्यायचा, कुठे आवाज बारीक करायचा, ते सगळं तेच होतं, शेतातलं. खोटं कशाला बोलू, मला जुनाच आवाज हवा होता. तो येणार नाही हे मला माहीत आहे, शिवलेली कातडी जिभेसारखी वळत नाही, नुसती पडून असते. माहीत असूनही मी कानाला फोन दाबून तोच शोधत होते.

मग नाना थांबले. एवढंच विचारलं, आणि हे मात्र स्पष्ट कळलं.

"समजनं का?"

मैत्रिणी आत बोलवत होत्या, प्रॅक्टिकल सुरू झालं होतं. मी म्हटलं, "नाही नाना. काहीच नाही कळलं. पहिल्यापासून घ्या, हळू."

मला वाटलं ठेवला फोन. मग पान मागे उलटल्याचा आवाज आला, नाना खाकरले आणि पहिली ओळ परत सुरू केली, एकेक शब्द सुटा करत. मी मैत्रिणींना हाताने सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.