सुहासच्या तारा, माझ्या हिरड्या

दातांच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं, पण बोलती बंद! बोलतात ते सोबत आलेले. म्हणून आमच्याकडे किस्से साठतात.

परळला आमचा दवाखाना. सुहास दातांना तारा लावतो, मी हिरड्या बघते. कॉलेजपासूनचे दोस्त आम्ही. तारा निघाल्या की पेशंट त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. माझ्याबरोबर? हिरड्यांचा सेल्फी कोण काढणार! जळते मी, सरळ सांगते.

*

एक छोटी त्याच्या केबिनमधून तारांसाठी गुलाबी रबर निवडून नाचत बाहेर आली. मला बघून आईच्या मागे लपली. "ही रक्त काढणारी मॅडम!"

आई हसून म्हणाली, "अगं, त्या पण डॉक्टरच आहेत."

'पण' काय, 'पण'?

*

तारा लावलेल्या काही पोरांच्या हिरड्या फुगून दातांवर चढायच्या. सुहासचं एकच पालुपद, "ब्रश नीट कर!" बहुतेकदा खरंही असतं ते. पण काहीजण इमानदारीत ब्रश करायचे, तरी हिरड्या फुगलेल्याच.

मी म्हटलं, "तारेतलं निकेल सोसत नसेल रे."

"तुला माझ्या तारांचाच राग!"

राग होताच. म्हणून माझं चुकीचं कसं? एकदा तरी 'तुझं बरोबर होतं' म्हण, एवढंच हवं होतं मला.

*

मग तारा लावलेल्या त्याच्याच मुलीच्या हिरड्या वाढल्या. रविवारी शटर अर्धं पाडून साहेबांनी ईराला माझ्या खुर्चीत बसवलं. मी विचारलं, "हिला खोटे कानातले चालतात?"

साहेबांना पत्ताच नाही! बायकोला फोन लावला. ती स्पीकरवर ओरडली, "लहानपणापासून कान चिघळतात हिचे! स्किनच्या डॉक्टरांनी निकेल सोसत नाही म्हणून सांगितलं होतं. तुम्ही घरी असता कुठे?"

सुहासने मुकाट्याने बिननिकेलच्या तारा लावल्या. दोन महिन्यांत हिरड्या उतरायला लागल्या. मी वाट बघत होते. ते तीन शब्द काही आले नाहीत.

*

परवा नायगावच्या एक काकू लेकीला तारा लावायला घेऊन आल्या. मी बाजूलाच उभी. सुहासने तिचं तोंड बघायच्या आधीच विचारलं, "काकू, हिला खोटे कानातले चालतात?"

"अय्या, नाही हो! लगेच कान पिकतात. तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभव," सुहास म्हणाला. माझ्याकडे न बघता!

काकूंनी त्याला हात जोडले. मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं. अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळतंय!"