मुसल्लस बराबर त्रिकोण

माझी लिहायची पद्धत अशी होती की आधी बोलायचं, मंग लिहायचं. दार लोटून घ्यायचं, बाजेवर पालथं पडायचं आन् ज्याच्यावर लिहायचंय त्याच्या आवाजात सुरू व्हायचं. कधी स्टेशनातला तिकीटबाबू, कधी कापसाचा दलाल, कधी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई. आई बाहेर ज्वारी निवडत बसलेली असायची. आतून आवाज आला की ती विचारायची, आज कोण आलंय रे आत? मी म्हणायचो, दलाल. ती म्हणायची, त्याला सांग, चहा भेटणार न्हाई.

दुष्काळ नुकताच सरला होता. परतूरसारख्या गावात विनोद लिहिणं हा कुणाचा धंदा असू शकतो, हे कुणालाच पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धंच पटलं होतं. मॅट्रिक कसाबसा झाल्तो. नोकरी न्हाई. शाळेच्या गॅदरिंगला नकला करायच्या, लग्नात विनोदी मंगलाष्टकं लिहून द्यायची, बदली झालेल्या तलाठ्याला निरोपाचं भाषण लिहून द्यायचं, आष्टीच्या बाजारादिवशी भोंग्यावर बियाण्याची जाहिरात ओरडायची. ह्या सगळ्या भानगडीत एक काम मात्र पक्कं होतं. औरंगाबादच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला माझा विनोदी मजकूर यायचा. पाकीट गुरुवारी दुपारच्या पॅसेंजरच्या गार्डाजवळ द्यायचं. तिकडं स्टेशनावर साप्ताहिकाचा माणूस ते उतरून घ्यायचा. रविवारी अंक परतूरला यायचा आन् सोमवारी गाव माझ्याकडं बघून हसायचं.

हे सगळं ज्या माणसाच्या जिवावर चालू होतं, ते आमचे गणिताचे सर.

सर उभे शिडशिडीत. काळी टोपी, खडूनं पांढरा झालेला कोट. शिकवताना त्यांची एक गंमत होती. जरा अवघड शब्द आला की ते मान खाली घालायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे, मंग मोठ्यानं "बराबर" म्हणायचे आन् त्याच्यानंतर शब्द यायचा. बराबर त्रिकोण. बराबर कोन. बराबर क्षेत्रफळ. तासात किती बराबर झाले, ते मागच्या बाकावर आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून मोजायचो. गणित मला तिथं बसून काही आलं न्हाई, पण सर आले. मान किती खाली घालायची, पुटपुटणं किती वेळ, बराबर कुठल्या पट्टीत, सगळं जसंच्या तसं. दहावीच्या गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली तेव्हा ते स्वतः पहिल्या रांगेत बसल्ते आन् हसलेही. त्या हसण्याला मी परवानगी समजलो.

म्हणून साप्ताहिकात त्यांना "बराबर मास्तर" केलं. बराबर मास्तर भाजी घ्यायला जातात. बराबर मास्तर गाडीत जागा पकडतात. बराबर मास्तरांचा दात काढतात. लोकांना ते एवढं आवडलं की संपादकांनी कळवलं, तुझे दलाल आन् नर्स राहू दे, आता दर आठवड्याला मास्तरच पाहिजे. मला काय, आनंदच झाला. कोंडलं जाण्याची सुरुवात अशी आनंदात होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

हळूहळू मला दुसरं काही बोलताच येईना. म्हणजे मी बोलायचो, पण ऐकणाऱ्याला ते नको असायचं. एका तेराव्याच्या जेवणाला गेल्तो, तोंड लांब करून पंगतीत बसलो, तर शेजारच्यानं कोपरानं ढोसून हळूच फर्माईश केली, थोडं बराबर होऊ दे की. परभणीला माझ्यासाठी पोरगी बघायला गेल्तो. पोहे यायच्या आधीच पोरीच्या बापानं मास्तर करायला लावला. मी केला. घरदार हसलं, पोरगी हसली न्हाई. चार दिवसांनी नकार आला. तो नकार मला होता का मास्तरला, ते अजून कळलेलं न्हाई. दुकानात साखर मागायला गेलो की माझ्याच तोंडून बराबर निघायचं आन् दुकानदार खूश होऊन म्हणायचा, वा, आपल्यासाठी स्पेशल.

चुलत बहीण तेव्हा नववीत होती. एके दिवशी जेवता जेवता तिनं सांगितलं की सर आता वर्गात बोलत न्हाईत. मला आधी वाटलं घसा बसला असेल. मंग तिनं नीट सांगितलं. सरांनी मान खाली घातली की सगळा वर्ग त्यांच्या आधी एका सुरात "बराबर" म्हणायचा आन् खिदळायचा. सरांनी मंग तो शब्द म्हणणंच सोडून दिलं. पण तो सोडला तर पुढचा शब्दही येईना. खडू हातात धरून उभे राहायचे, ओठ हलायचे, आवाज न्हाई. मंग फळ्याकडं तोंड करून सगळा तास नुसतं लिहीत राहायचे. शेवटी त्यांनी हेडमास्तरांना अर्ज दिला की माझ्याकडचं गणित काढून घ्या. आता त्यांच्याकडं हस्तव्यवसायाचे तास दिलेत, पोरांकडून टकळीवर सूत काढून घेतात. रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष राह्यलेलं. ज्या माणसानं जन्मभर गणित शिकवलं, तो सूत मोजून घरी जाणार होता.

भाकरी माझ्या हातातच राह्यली. आई म्हणाली, आता कुणाच्या आवाजात जेवतोस?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. शाळा रुळाच्या अलीकडंच. सर हस्तव्यवसायाच्या खोलीत एकटेच कापसाचे पेळू लावत बसल्ते. मी माफी मागायचं पाठ करून गेल्तो, पण पाठ केलेलं सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात येऊ लागलं. त्यांनीच विचारलं, "मी काय पुटपुटतो, ते कधी ऐकलंस का?"

मी म्हणलं, "नुसतं पुटपुटणं वाटायचं सर. सवय."

मंग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात मराठी, पण सगळी शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. बेरीज-वजाबाकीपासून भूमितीपर्यंत गणित त्यांच्या डोक्यात उर्दूतच बसलेलं. मास्तर झाले तेव्हा शिकवलंही उर्दूतून. निजाम गेला आन् एका उन्हाळ्यात हुकूम आला की जूनपासून मराठीतून शिकवा. मे महिनाभर बसून त्यांनी एक वही केली. डाव्या बाजूला उर्दू शब्द, उजव्या बाजूला मराठी, मधे बराबरचं चिन्ह. मुसल्लस बराबर त्रिकोण. जाविया बराबर कोन. रकबा बराबर क्षेत्रफळ. वर्गात डावी बाजू मनात म्हणायची, बराबर मोठ्यानं, मंग उजवी बाजू. वही पाठ झाली, फाटली, हरवली, पण त्यांच्या डोक्यातलं मधलं चिन्ह काही गेलं न्हाई. त्या चिन्हावर पाय दिल्याशिवाय त्यांना पलीकडं जाताच येत न्हवतं.

मी स्वतःला मोठा कानाचा तिखट समजत होतो. चार वर्षं त्या माणसासमोर बसलो, आवाज उचलला, मान उचलली, खोकला उचलला, आन् अख्ख्या समीकरणातलं नेमकं मधलं चिन्हच तेवढं उचललं.

घरी येऊन मी संपादकांना पत्र टाकलं की मास्तर बंद. त्यांचं उत्तर फार गोड आलं. तुम्हाला कंटाळा आला असेल तर विश्रांती घ्या, मास्तर आपण इथं ऑफिसात लिहून घेऊ. रविवारी अंक आला. त्यात बराबर मास्तर सात आन् पाच तेरा सांगत होते आन् पोरगं त्यांना दुरुस्त करत होतं. गावाला वाटलं ते मीच लिहिलंय. स्टेशनजवळच्या हॉटेलात लोकांनी माझी पाठ थोपटली.

मंग मी खरं तेच लिहायचं ठरवलं. वही, उन्हाळा, डावी बाजू, उजवी बाजू, सगळं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा दार उघडं ठेवून, माझ्या स्वतःच्या आवाजात लिहिलं. आईनं विचारलंही न्हाई की आत कोण आहे. पाकीट गार्डाच्या हातात देताना मला वाटलं, सुटलो. रविवारी अंक बघितला तर वरचा अर्धा भाग होता, खालचा नव्हता. मुसल्लस, जाविया, रकबा हे शब्द तेवढे ठेवलेले, वही कशासाठी केली ते कापलेलं, आन् वर मोठ्या टाइपात मथळा, "मुसल्लस मास्तर". संपादकांची चिठ्ठी सोबत होती. नवा शब्द झकास आहे, पण खालच्या भागात हसायचं कुठं, ते सापडलं न्हाई.

सोमवारी सर सायकलवरून जाताना पोरं मागून मुसल्लस, मुसल्लस ओरडत होती.

मी पुन्हा हस्तव्यवसायाच्या खोलीत गेलो. दोन्ही अंक त्यांच्या टेबलावर घडी घालून ठेवलेले होते. मी म्हणलं, सर, औरंगाबादला जाऊन भांडून येतो. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"तू लिही," ते म्हणले. "तू थांबलास तर तो संपादक लिहील. आन् त्याला बेरीज येत न्हाई."

एवढंच बोलले आन् खिशातून लाल पेन्सिल काढून ठेवली. मला मंग कळलं की मला काय शिक्षा झालीय. दर गुरुवारी गाडीच्या आधी मी मजकूर घेऊन जायचो आन् ते वाचायचे. चुकलेला हिशोब असला तर सुधारायचे, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. अख्खा मराठवाडा ज्याच्यावर हसत होता तो माणूस समोर बसून ते वाचतोय आन् हसत न्हाई, असं आठवड्यामागून आठवडे बघायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं विनोद लिहिलाय त्यालाच कळेल. एकदा मी मुद्दाम फार चांगला विनोद घातला. मला स्वतःला लिहिताना हसू आल्तं. त्यांनी तिथं थांबून "आणि"चा णि ऱ्हस्व केला आन् पुढं गेले.

मी मास्तरला होईल तेवढा शहाणा, होईल तेवढा सौम्य लिहून राह्यलो होतो. संपादक पत्रात कुरकुर करायचे की मास्तर अलीकडं पाणचट झालाय. सरांना गणित काही परत मिळालं न्हाई, त्यांनी मागितलंही न्हाई. आन् मी मात्र पुढच्या गुरुवारची वाट बघत तिकडं जातच होतो.

मंग एका गुरुवारी त्यांनी सगळं वाचलं, पेन्सिल उचललीच न्हाई, आन् कागद माझ्याकडं सरकवला.

"हा मी न्हाई."

"कुठं चुकलं सर?"

"चुकलं कुठंच न्हाई. हा तू आहेस. माझं शिकवणं शेवटचं कधी ऐकलंस तू?"

 शाळा सोडल्यापासून मी नुसता आठवणीतूनच ओढत होतो, आन् आता त्यांनीही वर्गात बोलणं बंद केलं त्याला बरेच महिने झाले होते. ज्याची नक्कल करून जगत होतो, तो आवाजच मी बंद पाडला होता. खोलीत पेळूंचा वास भरला होता. सर उठले, म्हणले, चल.

नववीचा वर्ग रिकामा होता, पोरं मैदानावर कवायतीला गेल्ती. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे मावेनात, मी तिरका बसलो. खिशात पाकीट होतं, सरांनी ज्याला "हा तू आहेस" म्हणलं तेच. सरांनी खडू घेतला, फळ्यावर तीन रेघा मारल्या आन् मान खाली घातली. मला वाटलं आता पुटपुटणार. पण त्यांनी सरळ मोठ्यानं म्हणलं, "मुसल्लस." खणखणीत. मंग जरा थांबून, "बराबर त्रिकोण."

मी आतापर्यंत त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता. उर्दूत तो वेगळाच होता, छाती भरून, कुठंही न अडखळणारा. मराठीवर येताना तो जरा बारीक व्हायचा, नदीत उतरताना माणूस धोतर सावरतो तसा. ते शिकवत गेले. जाविया बराबर कोन. पाया, उंची, अर्धा, रकबा. दोन्ही बाजू पुऱ्या म्हणायच्या, एकही गिळायची न्हाई. माझे ओठ सवयीनं त्यांच्यामागून हलू लागले होते, ते मी हातानं झाकले.

पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. मी अर्धा उठलो. गेलो असतो तर माझं स्वतःचंच सोंग त्यांच्या नावानं छापून आलं असतं. न गेलो तर रविवारी पुन्हा सात आन् पाच तेरा. सर फळ्याकडं तोंड करून होते, त्यांनी वळून बघितलं न्हाई. उंची खाली काढत होते, पट्टीशिवाय, एकदम सरळ. मी बसलो.

उंची पायाला टेकवून ते वळले. "समजलं?"

"हो सर."

"काय समजलं, सांग."

त्यांनी जे जे म्हणलं ते मी त्यांच्याच आवाजात, थांब्यासकट, जसंच्या तसं म्हणून दाखवू शकलो असतो. पण त्रिकोणाच्या रकब्यातला तो अर्धा कशाचा अर्धा, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.  रुळावरून डबे सरकल्याचा आवाज आला आन् लांब गेला. सरांनी कोटाच्या बाहीनं फळा पुसला आन् पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.