विहारातला मॉनिटर

आसेगावात विहारासमोरच्या मांडवात गेल्या वीस-बावीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यातली बहुतेक इंद्रभानदादा पडघानांच्या आवाजात लागली. दादा बौद्धाचार्य. एरवी दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन सोंगायचे, तुरीवर फवारा मारायचे. लग्न असलं की पांढरा सदरा घालून मांडवात उभे राहायचे आणि समोरचा माइक हातानं बाजूला सारायचे. त्यांनी त्रिसरण सुरू केलं की मागं पंगतीच्या पत्रावळ्या मांडणारेही थांबायचे. पार जऊळक्याची माणसं त्यांना बोलवायला यायची.

तो आवाज ऐन लग्नसराईत बसला. सगळ्यांना वाटलं, बोलून बोलून बसला असेल. दादांनी हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं. पावसाळा सरला तरी आवाज उठेना. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा बायको भागिरथाबाई त्यांना जवळजवळ ओढतच वाशिमला घेऊन गेल्या. तिथून अकोल्याला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

"मंग गाथा कशा म्हनू?" दादांनी विचारलं.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली. दादांच्या तोंडचं आपल्याला आठवणारं शेवटचं वाक्य हेच, असं भागिरथाबाई सांगतात.

घरी आले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर ओला फडका. श्वास तिथूनच चालायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. चहा मागितला तर हातात पाणी यायचं, खिडकी लाव म्हटलं तर दार लागायचं. दादा चिडून पेला आपटायचे. भागिरथाबाई मोरीत जाऊन रडून यायच्या.

मुलगा प्रसेनजित पुण्याला कंपनीत आहे. त्यानं आपला जुना, लहानसा टॅब पेनासकट आणून दिला. टाइप केलेलं बोलून दाखवायची सोय त्यात होती. एकदा लावून पाहिली. आतून कुणी शहरातली बाई गुळगुळीत आवाजात म्हणाली, "मला भूक लागली आहे."

"हे कोन बाई बोलून राह्यली माह्या घरात?" भागिरथाबाई म्हणाल्या. "बंद कर ते."

दादांनीही मान हलवली. मग ते टॅबवर पेनानं हातानंच लिहू लागले.

भागिरथाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, तेही कधीकाळी. दादांच्या खांद्याला खांदा लावून बसायच्या, अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या. "भा... क... री. भाकरी? नको काय?" दादा मान हलवायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. "असं बारीक काहून लिहिता? मले दिसत नाई." मग दादा एका पानावर एकच शब्द लिहायचे. बोलणं फार सावकाश चालायचं. पण लग्न झाल्यापासून इतकं जवळ बसून आम्ही कधी बोललोच नव्हतो, असं त्या शेजारणींना हसून सांगायच्या.

लग्नाची बोलावणी मात्र थांबली. दादा पौर्णिमेला विहारात जाऊन मागं बसायचे. सगळे वंदना म्हणायचे, त्यांचे ओठ हलायचे. ते बघून महिला मंडळाच्या विजयमालाताईंनी एकदा सुचवलं, "दादा, तुमी सांगा काय म्हनाचं ते. तुमी लिहा, आमी वाचून म्हनतो. पन एवढ्याशा टॅबवर सगळ्या बायाइले दिसन कसं?"

प्रसेनजित पुढच्या वर्षी दिवाळीला आला तो ऑफिसनं टाकून दिलेला एक मॉनिटर घेऊन. मंगरूळपीरहून वायर आणून त्यानं दोन्ही जोडले. टॅब चार्ज व्हायला लागला, मॉनिटर काळाच्या काळा.

"हे वायर नुसतं चार्जिंगचं हाये, बाबा. यातून चित्र जात नाई."

मग त्यानं वायरशिवाय, घरातल्या टीव्हीवर चित्र पाठवून पाहिलं. दादांनी काढलेलं अक्षर टीव्हीवर यायला वेळ लावायचं, मध्येच अर्धं अडकायचं. दादांनी लिहिलं, "हे तं माह्यापेक्षा मुकं हाये." सगळे हसले. दादाही हसले, फक्त आवाज आला नाही.

शेवटी वाशिमहून कनव्हर्टर आणला. टॅबला भोक एकच, ते कनव्हर्टरनं घेतलं. त्याच्या एका बाजूला मॉनिटरची वायर बसली, दुसऱ्या बाजूला चार्जरची. या वेळी पडदा उजळला. मॉनिटर लांबट आणि टॅब चौकोनी, म्हणून दोन्हीकडं काळे पट्टे राहिले. मधोमध दादांचं अक्षर वीतभर मोठं होऊन उमटलं. विहारात बायांनी ते एका सुरात वाचलं. दादांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

त्यानंतर दर रविवारी मॉनिटर विहारात जायचा. पण वायर आखूड होती. दादांना मॉनिटरच्या मागं, भिंतीला टेकून बसावं लागायचं. लोक पडद्याकडं बघून वाचायचे, पडद्याकडं बघून प्रश्न विचारायचे. दादांनी काही गमतीचं लिहिलं तर पडद्याकडं बघूनच हसायचे. एकदा दादांना उचकी लागून फडका सरकला, तो त्यांनी स्वतःच चाचपडत नीट केला. समोर बसलेल्यांना कळलंही नाही.

विहारात उंदीर फार, म्हणून मॉनिटर रात्री घरी यायचा आणि आठवडाभर पुढच्या खोलीतच लावलेला असायचा. भागिरथाबाईंना आता चुलीपासूनही वाचता यायचं. "बरं झालं बाई, घडीघडी उठा लागत नाई," त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या आणि तिथूनच उत्तर द्यायच्या. दादा टॅब मांडीवर घेऊन एकटेच बसलेले असायचे.

उन्हाळ्यात पुतणी सुकेशनीचं लग्न निघालं. "लग्न लावतीन तं काकाच लावतीन," असं तिनं निक्षून सांगितलं. वरात रिसोडची. त्यांनी आपल्यासोबत संघदीप नावाचे तरुण बौद्धाचार्य आणले होते, वेळेवर अडचण नको म्हणून. दादांना ते कुणी सांगितलं नाही.

मांडवात मॉनिटर लागला. दादा नवा सदरा घालून त्याच्या मागं बसले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. नवरा-नवरी पडद्यावर बघून प्रतिज्ञा म्हणू लागले आणि लाइन गेली. पंखे थांबले, पडदा काळा झाला. दादांच्या हातातला टॅब मात्र चालूच होता. ते खाली मान घालून लिहीत राहिले.

"थांबा जराकसं, येईन लाइन," विजयमालाताई म्हणाल्या.

"ऊन वाढून राह्यलं. किती थांबाचं?" नवऱ्याचे मामा म्हणाले आणि त्यांनी संघदीपकडं पाहिलं.

संघदीप उभे राहिले. माइक बंदच होता. त्यांनी पुढची प्रतिज्ञा म्हटली, ती मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेली. नवरा-नवरी त्यांच्याकडं वळले, माणसं वळली. मॉनिटरमागं दादांचा पेन थांबला.

भागिरथाबाई बायांमधून उठल्या, मॉनिटरच्या मागं गेल्या, दादांच्या शेजारी मातीवर बसल्या. दादांनी पान पुसलं आणि लिहिलं. भागिरथाबाईंनी बोट ठेवून मनातल्या मनात वाचलं. 'या पोराचा आवाज चांगला हाये.' वाचून झाल्यावरही त्यांनी बोट उचललं नाही. तिकडं फुलं पडली, टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दादांनी मॉनिटर विहाराला देऊन टाकला. आता तिथं लेकरांच्या अभ्यासाला तो वापरतात.

पोळ्यानंतर दुखणं पुन्हा उलटलं. गळा सुजला, हात थरथरायला लागला. अक्षर टॅबवर सरळ राहीना. भागिरथाबाई त्यांचा हात आपल्या हातानं धरायच्या आणि मग अर्धंच लिहिलेलं अंदाजानं वाचायच्या. दिवाळीच्या आधी दादा घरीच गेले. संघदीप रिसोडहून बस धरून आले आणि त्यांनी सगळे विधी केले. कुणी बोलवलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर प्रसेनजितनं टॅब उघडला. बाबांचं लिहिलेलं काही असेल तर जपून ठेवावं, असं त्याच्या मनात होतं. आत एकच पान होतं, कोरं.

"माय, बाबानं काईच ठेवलं नाई. सारं पुसून टाकलं."

"ठेवाचं कायले?" भागिरथाबाई म्हणाल्या. "बोलनं कोनी ठेवते काय?"

त्यानं टॅब तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "इथंच राहू दे. व्हिडिओ कॉल करता येईन तुले."

"घेऊन जाय बापा," त्या म्हणाल्या. "मले कोन लिहिनार आता?"

त्यानं टॅब बॅगेत ठेवला आणि दुपारच्या बसनं निघाला.