सपाट चमचा

एरवी प्रवासाला निघताना माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कॅमेरा, नकाशा आणि चिवड्याची पुडी असते. या वेळी त्याच पिशवीत बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा, उकळून कोरड्या केलेल्या बाटल्या आणि कढत पाण्याचा थर्मास होता. कॅमेरा घरीच राहिला. मांडीवर माझी तीन महिन्यांची मुलगी होती. मिरजेच्या फलाटावर पोचवायला आलेला माझा भाऊ गाडी हलेपर्यंत एकच वाक्य घोळवत होता, "पोचलास की फोन कर."

प्रवासाचं कारण आधी सांगून टाकतो. माझी बायको ममता गोंदिया जिल्ह्यातली, तिरोड्याजवळच्या एका खेड्यातली. आमच्या शाळेत शिक्षिका म्हणून आली आणि सांगलीचीच झाली. मुलीच्या जन्मानंतर दोन दिवसांनी ती गेली. त्या वेळी तिच्या आईचा पाय मोडलेला होता. त्यांना ना लेकीचं तोंड पाहता आलं, ना नातीचं. आता माझी रजा संपत आली होती आणि घरात मुलीकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. वर्षभर तिला आजीकडे ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माझा मात्र जीव होत नव्हता. जाऊन बघायचं, आणि ठेवण्यासारखं वाटलं तरच ठेवायचं, असं ठरवून मी निघालो.

बाटलीचं दूध हे काही खेळण्यातलं प्रकरण नाही, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलं दटावून सांगितलं होतं. दूध घरून कालवून न्यायचं नाही. पाणी वेगळं, पावडर वेगळी. पावडर एकेका वेळेपुरती मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरायची. पाणी उकळून थर्मासात घालायचं आणि चांगलं गरम असतानाच पावडर टाकायची, कारण पावडरीतही जंतू असू शकतात. मग बाटली गार पाण्यात धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळानं उरवलेलं दूध ओतून द्यायचं. हे सगळं चालत्या गाडीत, एका हातानं, दुसऱ्या हातावर किंचाळणारं मूल घेऊन करायचं असतं. माझ्या शाळेतल्या पोरांनी मला तशा अवस्थेत पाहिलं असतं तर पुन्हा मला कुणी भ्यालं नसतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पुढे समोरच्या बाकावर एक प्रौढ बाई येऊन बसल्या. सौंदडच्या होत्या, गोंदियाला गाडी बदलून घरी जाणार होत्या. माझी धांदल त्यांनी थोडा वेळ पाहिली आणि सरळ हात पुढे केले. "आना इकडं. तुम्ही दूध बनवा."

मुलगी त्यांच्या खांद्यावर गप्प झाली. अर्धी बाटली पिऊन तिथेच झोपली. मी उरलेलं दूध बेसिनमध्ये ओतायला उठलो तशा त्या कळवळल्या.

"काऊन फेकता जी? घंट्याभरानं उठंल, तवा पाजा."

"तोंड लागलेलं दूध ठेवता येत नाही. खराब होतं."

"इची माय कुठं आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या मुलीच्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि मी तिरोड्याला उतरेपर्यंत तिला त्यांनी खाली ठेवली नाही.

गाडीला उशीर झाला होता, त्यामुळे थर्मासातलं पाणी कोमट होऊन गेलं होतं. ते आता पावडरीसाठी कामाचं नव्हतं. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला मी नुसतं पाणी उकळून मागितलं.

"दूधच घेऊन जा ना साहब, ताजा है, भैंसीचं आहे," तो म्हणाला.

"बाळाला चालत नाही. पाणीच द्या. पण भांडं चहाचं नको."

त्यानं माझ्याकडे, मग मुलीकडे बघितलं. मागून एक स्वच्छ पातेलं काढलं, दोनदा विसळलं आणि पाण्याला खळखळून उकळी फुटेपर्यंत एकाही गिऱ्हाइकाकडे लक्ष दिलं नाही. मी आभार मानले तर म्हणाला, "आभार कायले? लेकरू आहे."

ऑटो बोदलकशाच्या तलावाच्या दिशेनं निघाला. धानाची कापणी आटोपली होती. बांध्यांमध्ये (धानाच्या बांध घातलेल्या शेतांमध्ये) नुसती खुंटं उरली होती आणि जागोजागी पुंजणे (कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे ढीग) उभे होते. प्रत्येक गावाला एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि तळ्याच्या काठावर कमरेइतक्या पाण्यात जाळं टाकणारा एखादा माणूस. ममता या रस्त्याबद्दल इतकं बोलायची की मला तो ओळखीचा वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी एका परक्या मुलुखात तिच्याशिवाय आलो होतो, आणि मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या, काठी टेकून. मला वाटलं होतं, हंबरडा फोडतील. त्यांनी काठी भिंतीला लावली, पदराला हात पुसले आणि मुलीला घेतलं. बराच वेळ तिचं कपाळ न्याहाळलं. मग सासऱ्यांकडे वळून पोवारी बोलीत काहीतरी पुटपुटल्या. सासऱ्यांनी मला मराठीत सांगितलं, "म्हणते, कपाळ तिचंच आहे."

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि पोपटाच्या शेंगांची (वालाच्या ओल्या शेंगांची) भाजी होती. मी नको नको म्हणत असताना भाताचा दुसरा ढीग पानात पडला. या घरात पाहुण्याचं 'नको' कुणी मनावर घेत नाही, हे लग्नातच कळलं होतं.

संध्याकाळच्या दुधाला सासूबाई स्वतः पुढे सरल्या. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. चुलीवर पाणी उकळून ठेवलेलं होतं, बाटली उकळलेली होती. सगळं इतकं नीट होतं की माझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग त्यांनी डब्यातला चमचा पावडरीत बुडवला आणि वर काढला. चमच्यावर शीग होती. धानाच्या पायलीवर असते तशी, टोकदार, जरा हलवलं तर सांडेल अशी.

"आई, चमचा सपाट करायचा," मी म्हणालो. "डब्याच्या कडेला पुसून."

"का जी?"

"जितकं पाणी, तितकेच चमचे, आणि तेही सपाट. जास्त झालं तर बाळाला पचत नाही."

त्यांनी चमचा कडेला पुसला. पण पुसताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना चोरी करायला लावत होतो. सासरे ओसरीवरून हसले. "आमच्याकडं सपाट माप व्यापाऱ्याले देतात, जवाईबापू. लेकीच्या घरी धान जाते तं शीग लावूनच जाते. हात पुसून माप दिलं म्हणजे लेक परकी झाली."

मीही हसलो. तिथे हसायला नको होतं.

पुढचे दोन दिवस दूध त्यांनीच केलं. मी समोर असलो की चमचा सपाट व्हायचा. मी अंघोळीला गेलो, कुणी भेटायला आलं, की काय होत होतं ते मला कळलं नाही. दिसत होती ती फक्त मुलगी. आधी कुरकुर, मग रडणं. पोट कडक. जोर करून करून चेहरा लाल व्हायचा. लंगोट पूर्वीइतके ओले होत नव्हते आणि ओठ कोरडे पडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाटली तोंडाला लावू दिली नाही. एकीला मी दवाखान्यात नेऊन परत आणू शकलो नव्हतो. आता दुसरीला घेऊन मी तिरोड्याच्या रस्त्याला लागलो. सासूबाई मोडक्या पायानं ऑटोत चढून शेजारी बसल्या. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीला तपासलं, टाळू दाबून बघितली आणि विचारलं, "दूध कोन बनवतं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी."

"चमचा भरून घेता का कमी?"

"भरून. जवाई सपाट करायले सांगतात. ते पलटले का मी चिमूटभर वरून टाकतो."

"कायले, मावशी?"

सासूबाईंनी मुलीच्या पायावरून हात फिरवला. "हिच्या मायले तिकडं कमी पडलं," त्या म्हणाल्या. "दूर दिली. खायले काय भेटलं, कोन वाढलं, मले मालूम नाही. कमी पडलं म्हनून गेली. हिले कमी पडू देनार नाही."

ममता रक्तस्रावानं गेली. आमच्या घरी तिला कशाचीही ददात नव्हती. सांगलीच्या डॉक्टरांनी मला तसं कागदावर लिहूनही दिलं होतं. पण ते सांगायची ती जागा नव्हती आणि त्याचा उपयोगही नव्हता. लेक मेली तेव्हा ही बाई शेकडो कोस दूर, पायाला प्लास्टर घालून पडलेली होती. तेव्हापासून ती मनात एकच गोष्ट मोजत होती, लेकीला किती कमी पडलं.

डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मावशी, लेकराचे गुर्दे, किडन्या म्हनतात त्या, चिमणीएवढे असतात. घट्ट दूध त्याहिले झेपत नाही. अंगातलं पानी खेचून घेते. तुम्ही जास्त देऊन राहिल्या, अन् ती सुकून राहिली. दूध बंद नका करू, बरोबर करा." मुलीला त्यांनी दुपारपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिथल्या नर्सबाईंनी मोजून केलेलं दूध ती हळूहळू प्यायली, लंगोट ओला झाला, आणि ओला लंगोट बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुन्हा हात धुतले, चमचा घेतला आणि पुसलेल्या सुरीच्या पाठीनं तो सपाट केला. मला दाखवला. मी मान हलवली. पुढे माझा मुक्काम होता तोवर प्रत्येक वेळी असंच झालं. मी समोर असो नसो, त्या मला हाक मारायच्या, चमचा दाखवायच्या आणि मगच बाटलीत टाकायच्या. मुलगी सुधारली. आजीचा आवाज ओळखून मान वळवायला लागली. सासऱ्यांबरोबर मी बोदलकशाचा तलावही पाहून आलो. पाणी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं, स्वच्छ. बांधावर बसून सासरे म्हणाले, "ती शिकली आता. राहू द्या पोरगी." मलाही तेच वाटत होतं. मुलीला इथे ठेवायचं, असं मी त्या बांधावर ठरवलं, आणि भावाला तसा फोनही केला.

निघायच्या सकाळी मी माझी पिशवी भरली. मुलीचं काही पिशवीत घेतलं नाही. बाहेर आलो तर सासूबाई मुलीला टोपडं, मोजे घालून तयार करून बसल्या होत्या. शेजारी तिचे कपडे, पावडरचा डबा आणि बाटल्या एका स्वच्छ कापडात बांधलेल्या होत्या आणि थर्मास भरलेला होता.

"हिले घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"आई, मी ठरवलंय. राहू दे तिला तुमच्याजवळ. आता तुम्ही अगदी बरोबर करता."

"तुम्ही इथं आहा म्हनून करतो. तुमाले हाका मारतो, तवा हात ऐकते." त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला. "तुम्ही गेले, अन् एका दिवशी ही रडली, तं मी वरून टाकीन. मले माहा भरोसा नाही जी. एक लेक गेली. ही माह्या हातानं जायची नाही."

सासरे काही बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मुलगी माझ्या हातात दिली. दिल्यावर तिच्या टोपड्याची नाडी पुन्हा एकदा बांधली, ती सुटलेली नसतानाही. रडल्या नाहीत. आत गेल्या आणि ऑटो सुरू होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

नोकरीचं मी पुढे कसं जमवलं, बिनपगारी रजा, भावजयीचे हाल, तो सगळा घोळ इथे सांगत नाही. दर महिन्याला आम्ही फोनवर एकमेकांना बघतो. सासूबाईंना बोलायला फारसं सुचत नाही. त्या फक्त विचारतात, "पिते का बराबर?" आणि मी सांगतो, "पिते."

मी बरेच प्रवास केले आणि त्यांच्याविषयी लिहिलंही. लोकांचं पाहुणेपण, मोठं मन, असले शब्द मी सहज वापरत आलो. आता तसे सहज वापरवत नाहीत. एका बाईनं आपल्या मरून गेलेल्या लेकीची एकुलती एक खूण स्वतःच्या मायेपासून वाचवण्यासाठी परत केली. याला काय म्हणतात ते मला अजून ठाऊक नाही.

परतताना गाडीनं नागपूर सोडलं आणि मुलगी भुकेनं रडायला लागली. पुढच्या वेळेची पावडर मोजून ठेवायची राहिली होती, म्हणून मी डबाच उघडला. चमचा भरून वर काढला. त्यावर शीग होती. ती पुसायला बोट पुढे गेलं, आणि पहिल्यांदाच माझा हात अडला. समोर तिचं ते उपाशी तोंड होतं आणि मला वाटलं, हिला थोडं जास्त द्यावं. मग मी चमचा डब्याच्या कडेला पुसून सपाट केला, आणि तिला दूध पाजलं.