प्रज्ञा यावी म्हणून मी कॉम्प्युटर बिघडवायचे

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मिलिंदला नाही, धाकट्या बहिणीला नाही, रविवारी विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांना तर नाहीच. जिला सांगायला हवं होतं, तिला सांगायलाच इतकी वर्षं गेली. आता तिला सांगून झालंय, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. आधी बोलले असते तर... तर मधलं काहीतरी नक्की गाळलं असतं. मी ओळखते स्वतःला.

मी निवृत्त शिक्षिका. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे. घर सातपूरला, कॉलनीत. आमचे हे इथल्याच एका कारखान्यात होते. पाळ्या करून करून थकले, आणि निवृत्तीनंतर दोनच उन्हाळे काढून गेले. मिलिंद आमचा एकुलता एक. प्रज्ञा त्याची बायको — होती. हे गेल्यानंतर वर्षभरात त्यांचा घटस्फोट झाला. चूक मिलिंदची होती. त्याला पुण्यात दुसरं कोणी भेटलं होतं, आणि त्याने ते लपवलंही नाही. प्रज्ञाने आदळआपट केली नाही. गंगापूर रोडला एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला, कपाटातले कपडे नेले. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला जवळ घेतलं, आणि वाटलं, आता ही कशाला येईल इथे? काय म्हणून येईल?

पण एक गोष्ट ती मागे ठेवून गेली होती. आमचा जुना कॉम्प्युटर. यांनी हौसेने घेतलेला, पुढे इतका मंद झालेला की चालू करून चहा ठेवावा, तो पिऊन यावं, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. प्रज्ञा कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिने यांच्या फाइल बाजूला काढून, विंडोज पुसून त्याजागी लिनक्स घातलं. ‘आता बघा आई, कसा पळतो.’ खरंच पळायला लागला. यांचे फोटो, गाण्यांच्या फाइल, साठीच्या दिवशी घरी झालेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ — सगळं तिने नीट लावून दिलं. कॉलनीत कोणाला सांगितलं की माझ्याकडे लिनक्स आहे, तर लोक मला काहीतरी आजार असल्यासारखं बघायचे.

पहिला बिघाड खरा होता. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरा होता. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि मशीन अर्धवट अडकलं. मी प्रज्ञाला फोन केला, थोडी घाबरतच. आता तिला असं बोलवावं की नाही? ती ऑफिस सुटल्यावर आली. केस वर बांधले, यांच्या खुर्चीत बसली, काहीतरी टाइप करत राहिली. मी भाकरी टाकल्या, मेथी केली. ती जेवली. जाताना म्हणाली, ‘काही झालं तर सांगत जा हं आई.’

काही झालं तर.

पुढचे कितीतरी दिवस काहीच झालं नाही. फोनवर ‘कशा आहात’, ‘बरी आहे’ व्हायचं, संपायचं. मग एका दुपारी मी सेटिंगमध्ये गेले आणि आवाजाची दिशा बदलून ठेवली. स्पीकरकडे जायचा तो मॉनिटरच्या वायरकडे वळवला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही. मग फोन केला — ‘अगं, गाणी ऐकू येत नाहीत.’ ती म्हणाली, ‘बंद करून चालू केलं का?’ केलं, म्हटलं. ती आली.

तुम्हाला हसू येतंय ना? मलाही यायचं तेव्हा. गंमतच वाटायची. पुढच्या वेळी प्रिंटर थांबवून ठेवला. त्यानंतर कॉम्प्युटरचं घड्याळ. आपोआप वेळ लावण्याची खूण काढली आणि साल मागे नेलं. मग प्रत्येक वेबसाइट म्हणायला लागली की हे सुरक्षित नाही. प्रज्ञा बराच वेळ राउटर तपासत बसली होती. शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. ‘बॅटरी गेली असेल आतली,’ म्हणाली, आणि पुढच्या खेपेला नवीन बॅटरी घेऊन आली. ती बॅटरी बसवत होती आणि मी बघत उभी राहिले.

मी इंटरनेटवर वाचायला लागले होते. लोक तिथे आपापल्या मशीनची दुखणी लिहितात, बाकीचे उपाय सांगतात. माझं इंग्रजी बेताचं, पण वेळ भरपूर. मी उपाय वाचत नव्हते. दुखणी वाचत होते. कोणतं आपल्याला जमेल, कोणतं प्रज्ञाला तासभर तरी बसवेल, आणि कोणत्यात मी सापडणार नाही. वर्गात मुलांच्या खोड्या ओळखण्यात माझा हात कोणी धरला नसता — आणि या वयात मी हे करत होते.

इथवरचं मी कदाचित विनोद म्हणून कधीतरी सांगितलंही असतं. यापुढचं नाही.

एका बुधवारी प्रज्ञा आली होती, बिघाडाशिवाय. वरण-भात खाताना म्हणाली, ‘आई, रविवारी घोटीला जातेय दादाकडे. एक जण भेटायला येणार आहेत. कल्याणचे. शिक्षक आहेत, बायको वारली, एक लहान मुलगी आहे.’ मान खाली होती, पण चेहरा... तिचा तो चेहरा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. ‘तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.’

मी म्हटलं, ‘छान. जा. नक्की जा.’

हे मी मनापासून म्हटलं होतं का? म्हणताना तरी हो. पण ती गेल्यावर मी मोकळ्या ताटासमोर बसून राहिले. तिचं लग्न होईल, ती कल्याणला जाईल, तिला दुसरी सासू असेल. तिच्या घरातला कॉम्प्युटर ती दुरुस्त करेल.

शनिवारी दुपारी मी ते केलं. मी वाचलं होतं, की डिस्क पूर्ण भरली तर मशीन माणसाला आत घेत नाही. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि परत पासवर्डचाच चौकोन समोर येतो. पुन्हा टाका, पुन्हा तेच. मी आमच्याकडची सर्वांत मोठी फाइल शोधली. यांच्या साठीचा व्हिडिओ. त्याची प्रत केली. प्रतीची प्रत केली. करत राहिले, जागा संपल्याचं मशीनने सांगेपर्यंत. मग बंद केलं.

रविवारी सकाळी फोन केला तेव्हा ती मुंबई नाक्यावर गाडीची वाट बघत होती. मला माहीत होतं ती तिथे असणार. मी म्हटलं, ‘प्रज्ञा, कॉम्प्युटर आत घेत नाहीये. यांचे फोटो, व्हिडिओ, सगळं गेलं गं.’ आणि रडले. रडणं खरं होतं का? मला अजूनही सांगता येत नाही. तिच्या मागे घोटीवरून जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर ‘कसारा, कसारा’ ओरडत होता. मग ती म्हणाली, ‘थांबा, येते. काही दाबू नका.’

ती चांगली साडी नेसून आली होती. तशीच खुर्चीत बसली. दोन-तीन बटणं एकदम दाबली, चित्रं गेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘डिस्क भरलीये आई. काही गेलेलं नाही, सगळं आहे. फक्त जागा नाही, म्हणून आत घेत नाही.’ मग फाइलींची यादी उघडली आणि बघतच राहिली. एकाच नावाच्या फाइली, एकाखाली एक.

मला वाटलं, संपलं. सापडले.

ती खुर्चीतून उठली. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, ‘बाबांचा व्हिडिओ जाईल म्हणून घाबरून इतक्या वेळा सेव्ह केलात ना?’ आणि मला मिठी मारली.

मी म्हटलं, ‘हो.’

हा माझा गुन्हा. आवाज नाही, घड्याळ नाही, भरलेली डिस्कसुद्धा नाही — तो ‘हो’. त्या क्षणी मी बोलले असते तर ती चिडली असती, पण दुपारच्या गाडीने घोटीला पोचली असती. मी बोलले नाही. उलट म्हटलं, ‘आज थांबशील का गं?’ आणि ती थांबली. दादाचे फोन येत होते, ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. कल्याणची माणसं जेवून परत गेली. त्या गृहस्थांच्या बहिणीने नंतर निरोप पाठवला, की जिचा पाय अजून पहिल्या घरात अडकलाय, तिच्याशी कसं जमायचं? विषय मिटला. दादा कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्या दिवसानंतर मी मशीनला हात लावला नाही. म्हणजे बिघडवायला. त्याची गरजच काय होती? प्रज्ञा आता न बोलावताही यायला लागली. तिने पेनड्राइव्हवर व्हिडिओची प्रत आपोआप होईल अशी सोय केली, आणि आली की आधी तेच तपासायची. ‘बाबा सुखरूप आहेत हं आई,’ म्हणायची. माझ्याशी हळू बोलायची, आजारी माणसाशी बोलतात तसं. मला हवं होतं ते मला मिळालं होतं. असं मिळवलेलं घशाखाली उतरत नाही, हे कोण कोणाला सांगतं?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घेऊन आली. चहा पिता पिता तिने त्या मुलीला ती गोष्ट सांगितली. आमच्या आई, बाबांचा व्हिडिओ, इतक्या प्रती. ती मुलगी माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. मी कप खाली ठेवला. मैत्रीण गेल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, ‘तू थांब जरा.’

आणि सांगितलं. ‘त्या फाइल मी घाबरून केल्या नव्हत्या. डिस्क भरावी म्हणून केल्या होत्या.’

तिला आधी कळलंच नाही. ‘डिस्क भरली की लॉगिन होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?’

‘वाचलं होतं.’

‘पण त्या दिवशी मी घोटीला—’

‘माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी.’

मग ती एकेक विचारायला लागली, एखादं मशीन तपासावं तशी. ‘आवाजाचं?’ तेही मीच. ‘प्रिंटर?’ मीच. ‘घड्याळ? आई, मी बॅटरी बदलली होती!’ मध्येच तिला हसू फुटलं, एवढंसं, आणि लगेच चेहरा मिटला. म्हणाली, ‘दादाशी मी भांडत होते तुमच्यासाठी. त्याला सांगत होते, तुला नाही कळायचं, आई एकट्या आहेत.’ पर्स उचलली आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि मला काय वाटलं सांगू? हलकं. त्या संध्याकाळी मला सपाटून भूक लागली. लाज वाटली त्याची. माझं ओझं तिच्या अंगावर टाकून मी मोकळी झाले होते, हे न कळण्याएवढी मी भाबडी नाही. तरी हलकं वाटलं, हे लपवून आता आणखी काय मिळवायचंय? ती परत येईल की नाही, याचा विचार मनात आला, पण फोन केला नाही. बिघाड म्हणून नाही, माफी म्हणूनही नाही.

बऱ्याच आठवड्यांनी, परवाच्या शनिवारी, बेल वाजली. प्रज्ञा. आत आली, थेट स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभी राहिली.

‘मला राग आहे आई. अजून आहे.’

‘असू दे.’

‘तो माणूस चांगला होता की वाईट, मला पसंत पडला असता की नाही, तेसुद्धा मला कळलं नाही. ते तुम्ही ठरवायचं नव्हतं.’

‘नव्हतं.’

मग ती बोलायला लागली. मिलिंदबद्दल, दादाबद्दल, तिकडे गंगापूर रोडला एकटीने काढलेल्या पहिल्या पावसाळ्याबद्दल, माझ्या त्या रडण्याबद्दल. मोठ्याने बोलत होती. इतक्या वर्षांत ती माझ्या घरात मोठ्याने बोललीच नव्हती. हात उडवत, आवाज चढवत, बरोबरीच्या बाईशी भांडावं तशी ती माझ्याशी भांडत होती. कुकरच्या शिट्टीत तिचे शब्द बुडायला लागले, तेव्हा मी गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले.