न झालेले अपघात

आमच्या घरी पाहुणा आला की हमखास विचारतो, "सेफ्टी ऑफिसर म्हणजे नेमकं करता काय हो?" मी सांगते, "घाबरते!"

लोकांना वाटतं, गंमत करतेय. पण वर्ध्याजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी खरोखर याच कामाचा पगार घेते. कोण कुठे वाकलाय, काय कुठे लटकतंय ते बघायचं आणि सगळ्यांच्या वाटचं आपण घाबरायचं. झालेल्या अपघातांची चौकशी होते. होता होता राहिलेल्यांचं कोणीच काही करत नाही, ते माझ्याकडेच साचत जातात. मैत्रिणी जमल्या की एकेक बाहेर निघतो. त्या हसतात, मीही हसते, आणि सांगता सांगता माझे तळहात ओले होतात.

*

गजाननराव क्रेनखाली माल लावायचे. मूळचे कारंजा घाडग्याचे, घरची संत्र्याची बाग. मार्च लागला की त्यांचं हेल्मेट डोक्यावरून खाली यायचं. "डोकं शिजते न मॅडम!" त्या हेल्मेटमध्ये ते संत्री ठेवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाटायचे. एक मलाही, म्हणजे मला ओरडताना अवघड व्हावं!

एक दिवस असंच हेल्मेट शेजारी ठेवून बसले होते. मी रागावायला त्यांच्याकडेच निघाले होते. तेवढ्यात वरून क्रेनचा नट सुटला. मुठीएवढा. मी डोळे गच्च मिटले, फक्त आवाज ऐकला. उघडायची हिंमतच होईना.

उघडले तर गजाननराव होते तसेच बसलेले. तोंडभर रस उडालेला आणि हेल्मेटमधल्या संत्र्यांचा चेंदामेंदा. वीतभर अंतर!

त्यांनी त्या चेंद्याकडे बघितलं. मग हेल्मेट उचललं आणि तसंच डोक्यावर घातलं. कपाळावरून रस गळत होता. मला म्हणाले, "मॅडम, उद्यापासून संत्र्यायले थैली आणतो!"

*

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. हार, कुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. एका वर्षी झेंडूचे हार दोन दिवस तसेच राहिले. त्यात पत्रा गुंडाळणाऱ्या मशीनचं लाल बटणही झाकलं गेलं. दाबलं की मशीन जागच्या जागी थांबते, ते बटण.

त्या मशीनवर काम करणाऱ्या संगीताची ओढणी त्या दिवशी नीट खोचलेली नव्हती. टोक रोलरमध्ये गेलं आणि मशीन तिला मानेसकट ओढायला लागली. शेजारच्या वंदनाताई बटणाकडे धावल्या, तर तिथे नुसती फुलं! त्या झेंडूत हात घालून चाचपताहेत, बटण सापडत नाही, संगीताचा आवाज बंद. मी पलीकडच्या टोकाला. धावत सुटले.

वंदनाताईंना बटण सापडून मशीन थांबली तेव्हा संगीताचा गाल रोलरला टेकलेला होता. गळ्यावर काळानिळा वळ. तिला उभं केलं, पाणी पाजलं, आणि मग आम्ही तिघी तिथेच फरशीवर बसून रडलो.

पुढच्या दसऱ्याला बघते तर वंदनाताई सकाळपासून लाल बटणापाशी स्टूल टाकून बसलेल्या. खुद्द मॅनेजर साहेब हार घेऊन आले. वंदनाताईंनी हात आडवा केला. "साहेब, हार तिकडे देवाले वाहा. याले फक्त दाबाचं असते!"

*

हे भय घरीही येतं हो! सिंदीला चुलतभावाचं लग्न होतं. सगळ्या बायका दागिने बघत होत्या आणि मी मांडवातली वायर बघत होते. जेवणाच्या जागी गेले तर सिलिंडर चुलीला चिकटून. मी आचाऱ्याला तो हलवायला लावला. मग नळी बघितली. मग बाहेर पडायची वाट मोकळी करायला खुर्च्या उचलायला लावल्या. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"काय व, तू लग्नाले आली का पंचनाम्याले?"

सगळे हसले. जेवायला बसताना मात्र आत्यानं मला हळूच कोपरानं ढोसलं. "कोन्त्या बाजूले बसू, सांग."

*

प्रमोद आमचा इलेक्ट्रिशियन, नाचणगावचा. दुरुस्तीला आत शिरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हा आमचा नियम. तो प्रमोदइतका कोणी पाळत नाही.

डिसेंबरातली गोष्ट. रंग सुकवायची भट्टी दुरुस्तीला काढली होती. एका खोलीएवढी भट्टी. दुपारी काम झालं. शिफ्ट संपली, बस गेली, आणि स्विचला प्रमोदचं कुलूप तसंच!

मॅनेजर साहेब भडकले. "घरी गेला किल्ली घेऊन! माल पडून राह्यला इथं. कापा कुलूप!"

कटर आलं. मी आडवी आले. "साहेब, ज्याचं कुलूप त्याच्याशी बोलल्याशिवाय कापायचं नाही."

"अहो, तो बसमध्ये बसला असंल!"

"मग बसमध्ये फोन लागेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. कटर कुलपावर ठेवलेलंच होतं. मी नंबर लावला.

रिंग वाजली. आमच्यासमोर. भट्टीच्या आत!

कटर धरलेला माणूस हळूहळू मागे सरकला. साहेब होते तिथे खाली बसले. मी भट्टीचं लोटलेलं दार ओढलं. आतून ऊबदार हवा आली. पक्कड राहिली म्हणून प्रमोद पुन्हा आत गेला होता, आणि बाहेरच्या थंडीत ती ऊब इतकी छान लागली की तिथेच आडवा झाला होता.

डोळे चोळत उठला, आमचे चेहरे बघितले.

"काय झालं? बस गेली काय?"

*

सुखदेव आणि माणिक हे सख्खे भाऊ. गोंड घरातले, आपसात गोंडीतच बोलायचे. ठेकेदाराकडून सांडपाण्याच्या टाक्या साफ करायला यायचे. अशा टाकीत गॅस असतो. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून आत एक, वर एक. आतल्याच्या पट्ट्याला दोर, तो टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईच्या चरखीला बांधलेला. वरच्यानं सारखी हाक मारायची, आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की चरखी फिरवायची. काही झालं तरी आपण उतरायचं नाही. माणिककडून मी हे अक्षरशः घोकून घेतलं होतं.

त्या दिवशी सुखदेव आत होता, माणिक वर. हवा तपासली होती, पंखा लावला होता. पण तळाचा गाळ हलला की आतून काय वर येईल, सांगता येत नाही. हाक गेली, ओ आली. हाक गेली, ओ आली. मग हाक गेली.

मी धावत पोचले तेव्हा माणिक चरखी फिरवत होता आणि गोंडीत ओरडत होता. दोर शिडीत अडकला होता. ठेकेदाराचा माणूस आत उतरायला निघाला, तर माणिकनं त्याला लाथेनं मागे लोटलं. हात चरखीवरून काढले नाहीत. दोर ढिला सोडायचा, ओढायचा, पुन्हा ढिला सोडायचा. आतून आवाज नाही. शेवटी एकदाचा दोर सुटला.

सुखदेव वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावला, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. वाचला.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई दवाखान्यात आली. सुखदेवच्या तोंडावरून हात फिरवला. मग माणिककडे वळून गोंडीत काहीतरी म्हणाली. माणिकनं मान खाली घातली. तळहाताची सालं निघाली होती, ते हात त्यानं पाठीमागे घेतले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, भाऊ मरून राह्यलता, तं तू वर काऊन उभा होता?"

मी त्यांच्या आईशेजारी बसले. सगळं समजावून सांगितलं. गॅस कसा असतो, माणिक उतरला असता तर दोघंही कसे गेले असते, तो वर उभा राहिला म्हणूनच आज दोघं समोर आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. मग माझ्याकडे बघून मराठीत विचारलं,

"बाई, तुमचा भाऊ आत असता, तं तुमी वर उभ्या राह्यल्या असत्या?"