बसून बोला

पप्पांच्या साहेबांचा फोन आला की पप्पा जेवत असले तरी उठून उभे राहतात. साहेबांना दिसत नाही, तरीही. उष्टा हात बाजूला धरून "हौ सर, हौ सर" म्हणत बोलणं संपेपर्यंत उभेच. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. बरकतपुऱ्याजवळच्या माझ्या सरकारी डिग्री कॉलेजातही तसंच होतं. मॅडमनी नाव घेतलं की उठायचं, ओढणी सारखी करायची, उत्तर द्यायचं, "बस" म्हटल्यावर बसायचं.

तिथलं पहिलं वर्ष झाल्यावर मला शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बिझनेस स्कूलमध्ये पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. बाहेरून ते फारच थोड्यांना घेतात. मम्मीने विहारात खीर वाटली. पण प्रवेश कच्चा होता. पहिल्या सत्रात निभावलं तर जागा पक्की, नाहीतर परत. आणि तिथे वर्गात बोलण्यालाही मार्क होते.

इंग्रजीची भीती नव्हती, शाळा इंग्रजी माध्यमाचीच. भीती बोलण्याची होती. वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येकासमोर नावाची पाटी. सर फिरता फिरता कुठलीही पाटी वाचायचे आणि विचारायचे. मी पाण्याची बाटली अशी ठेवायची की माझं अर्धं नाव झाकलं जाईल. मनातल्या मनात वाक्य जुळवायची. ते नीट होईपर्यंत दुसरं कोणीतरी तेच बोलून मोकळं झालेलं असायचं.

एकदा तास संपल्यावर सरांनी थांबवलं. "तुमच्या नावापुढे अजून काहीच नाही," ते म्हणाले. "उद्या मी तुम्हाला विचारणार आहे." सुरात राग नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "येतंय ना तुला? मग बोलायला काय झालं?"

"येतंय. तोंड उघडत नै."

"माझ्याशी भांडताना बरं उघडतं," मम्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाटली बॅगेतच ठेवली. विषय एका बिस्किट कंपनीचा होता: तोट्यात चाललेला सगळ्यात छोटा पुडा बंद करावा का? सरांनी माझं नाव घेतलं आणि मी उठून उभी राहिले. मागे खुर्चीची बैठक खाडकन मिटली.

"बैठ जाओ मॅडम," मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "राष्ट्रगीत नहीं बज रा."

वर्ग हसला. सर म्हणाले, "बसून बोला. इथे कोणी उठत नाही."

मी बसले आणि उत्तर गेलं. खरंच गेलं. सगळं पाठ होतं, पण बसून उत्तर कुठून सुरू करतात तेच मला कळेना. सर थांबले, अजून थोडं थांबले, मग त्यांची नजर शेजारच्या पाटीकडे वळली. मला आमच्या जुन्या कॉलेजचं फाटक दिसलं. आत शिरणारी मी, आणि "आलीस का परत?" विचारणाऱ्या मैत्रिणी.

"सर," मी म्हटलं, "उभं राहू?"

त्यांनी खांदे उडवले. "राहा."

मी उभी राहिले. आमच्या गल्लीतल्या आया शाळेच्या वाटेवर मुलाच्या हातात तो छोटा पुडा देतात, असं सांगितलं. तो बंद झाला तर त्या मोठा घेणार नाहीत, दुसऱ्या कंपनीचा छोटा घेतील. राष्ट्रगीतवाल्या मुलाने मागून विचारलं, "पण तोटा कोण सोसणार?" या वेळी तो चेष्टा करत नव्हता. मी वळून त्यालाही उत्तर दिलं. कोण हसलं, कोण नाही, ते मी पाहिलं नाही.

"आजचं धरतो," जाताना सर म्हणाले. "पण हे रोज लागेल. आणि बसून."

सत्र संपल्यावर जागा पक्की झाली. भीती मात्र आहे तशीच आहे. नाव घेतलं की अजूनही पाय आधी उठू बघतात आणि मी ते जमिनीत दाबून धरते.

वर्गात पहिल्यांदा बोलले त्याच संध्याकाळी जेवताना मी राष्ट्रगीताचं सांगितलं. मम्मी हसली. पप्पा हसले नाहीत. "बसूनच बोलतात का तिथे सगळे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा. पप्पा उठले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. "हौ..." म्हणाले आणि पुढचं त्यांना सुचेना. पलीकडून साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. मी ताटाकडे बघत राहिले. पप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हौ सर."